नग मोजा, किलो नंतर: कनू सफरीच्या सामानाविषयी प्रश्नोत्तरे

कॅनडातील ऑन्टारियो प्रांताच्या अल्गॉन्क्विन उद्यानात अंतर्भागातील मुक्कामाचे आरक्षण पाच महिने आधी खुले होते. त्यामुळे मार्च उजाडला की ऑगस्टच्या सफरींचे बेत ठरू लागतात आणि त्यापाठोपाठ सामानाविषयीची पत्रे येऊ लागतात. त्यांपैकी सात पत्रे येथे उत्तरांसाठी घेतली आहेत. कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, वरून उघडी आणि एकेरी पात्याच्या वल्ह्याने चालवायची हलकी होडी. पोर्टेज म्हणजे एक तळे संपून दुसरे सुरू होईपर्यंतची पायवाट, जिच्यावरून होडीसकट सारे बिऱ्हाड खांद्यावर वाहून न्यावे लागते. हे दोन शब्द पुढे वारंवार येतील.

प्रश्न : आम्ही दोन जोडपी ऑगस्टमध्ये अल्गॉन्क्विनमध्ये तीन रात्रींच्या सफरीला जाणार आहोत. दोन कनू भाड्याने घेऊ. वाटेत चार पोर्टेज आहेत आणि त्यांतले सर्वांत लांब ९०० मीटरचे आहे. यादीप्रमाणे जमवाजमव केल्यावर अकरा बॅगा, एक बर्फाची पेटी आणि चार घडीच्या खुर्च्या असा पसारा झाला आहे. एकूण वजन किती असावे? (ब्रॅम्प्टन)

उत्तर : वजनाचा विचार आपण दुसऱ्या क्रमांकावर ठेवावा, पहिला विचार नगांचा. लग्नाच्या वऱ्हाडाचे सामान आगगाडीत चढवताना घरातला एखादा काका ‘एकूण चौदा नग’ असे सर्वांना बजावतो आणि गाडी बदलताना पुन्हा मोजत बसतो. त्या काकाला आपल्या सफरीत मानाचे स्थान द्यावे, असे मी सुचवीन.

याचे कारण साध्या हिशेबात आहे. सोळा-सतरा फुटी कनूत दोन माणसे आणि साठ-सत्तर किलो सामान सहज मावते, आणि ते सामान दोन पिशव्यांत आहे की दहा पिशव्यांत, याच्याशी पाण्याला काही देणेघेणे नसते. पोर्टेजला मात्र असते. सगळे सामान एका खेपेत गेले तर ९०० मीटरची वाट ९०० मीटरच चालावी लागते. दोन खेपा झाल्या की नेणे, रिकाम्या हाताने परत येणे आणि पुन्हा नेणे मिळून २,७०० मीटर होतात, आणि तीन खेपांना साडेचार किलोमीटर. आपल्या यादीत दोन होड्या धरून अठरा नग आहेत. प्रत्येकाने एका वेळी दोन-दोन उचलले, तरी तीन खेपा होणारच. आणि हे फक्त एका पोर्टेजचे गणित झाले.

चार माणसांसाठी माझी मांडणी सहा नगांची असते : दोन कनू, प्रत्येक जोडप्याची एक मोठी सॅक (तंबू, स्लीपिंग बॅगा, मॅट आणि कपडे), स्वयंपाकाचे व शिध्याचे ६० लिटरचे एक निळे पिंप आणि एक लहान सॅक. पावसाळी जाकिटे, ताडपत्री, दोरी, पाण्याचा फिल्टर, प्रथमोपचाराची पेटी, घडीची करवत अशा हाताशी लागणाऱ्या वस्तू या लहान सॅकमध्ये जातात. लाइफ जॅकेट अंगावरच राहते आणि वल्ही कनूच्या आडव्या दांड्यांना दोन पट्ट्यांनी बांधली जातात, म्हणजे ती वेगळा नग ठरत नाहीत. पहिल्या खेपेत दोघे कनू उचलतात आणि दोघे मोठ्या सॅक घेतात. नंतर पिंप आणि लहान सॅक आणायला दोघांनाच परत यावे लागते, बाकीचे दोघे तोवर पुढच्या तळ्याकाठी फराळाचे पाहतात. परत कोणी जायचे, यावर दर पोर्टेजला वाद होतात. ते आपले आपण मिटवावेत.

बर्फाची पेटी घरी ठेवावी. ती पाठीवर घेता येत नाही, दोघांनी कड्या धरून नेली तर अरुंद वाटेवर दोघेही मुळांना अडखळतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्यात पाण्याखेरीज काही उरत नाही. खुर्च्यांविषयी मी थोडा मवाळ आहे, पण त्या सॅकच्या आत मावत असतील तरच न्याव्यात. सॅकला बाहेरून लटकावलेली कोणतीही वस्तू हा नगच असतो. तो फक्त थोडा वेळ लपलेला असतो. जळाऊ लाकूड घरून आणू नये, कारण त्यातून झाडे पोखरणारे किडे एका भागातून दुसऱ्या भागात पसरतात.

पैसे खर्च करायचेच असतील तर ते होडीवर करावेत. केव्हलार या हलक्या पण मजबूत कृत्रिम धाग्याची सतरा फुटी कनू साधारण १८ ते २० किलोंची असते, तर तेवढीच ॲल्युमिनियमची कनू तीस किलोंच्या पुढे जाते. दिवसाच्या भाड्यातला फरक पहिल्याच चढावर वसूल होतो.

नग मोजण्याची सवय मला ठेच लागूनच झाली. पहिल्या सफरीत मी एक वल्हे पोर्टेजच्या सुरुवातीला झुडपाला टेकवून ठेवले आणि ते तिथेच आहे, हे पलीकडच्या तळ्यात होडी ढकलल्यावर लक्षात आले. एका वल्ह्यासाठी तेराशे मीटर जाऊन तेराशे मीटर परत आलो. तेव्हापासून दर काठावर होडी सुटण्यापूर्वी कोणीतरी एकाने मोठ्याने आकडे म्हणायचे आणि प्रत्येक आकड्याला त्या वस्तूला हात लावायचा, असा आमचा परिपाठ आहे. नुसत्या नजरेने मोजलेले चुकते.

हा विचार माझ्या पदरचा नाही. या पाण्यांवरून आणि पायवाटांवरून मूळ रहिवासी शेकडो पिढ्या ये-जा करीत आले. पुढे फरच्या व्यापारातील फ्रेंच भाषक वल्हेकरी त्याच वाटा तुडवू लागले. त्यांचा माल ९० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ४१ किलोंच्या, गाठोड्यांत बांधलेला असे आणि एकेक गडी सहसा अशी दोन गाठोडी एका खेपेला नेई. त्या गाठोड्याला ते ‘पिएस’ म्हणत. या शब्दाचा अर्थ नग असाच आहे.

प्रश्न : माझ्याकडे सह्याद्रीत वापरलेली ६५ लिटरची सॅक आहे, रेन कव्हरसकट. ती चालेल की कनूसाठीची वेगळी सॅक किंवा पिंप घ्यावे लागेल? (वॉटर्लू)

उत्तर : पहिल्या एक-दोन सफरींना आपली सॅक चालेल, मात्र तिच्या तीन उणिवा ठाऊक असाव्यात. ट्रेकची सॅक उंच असते. ती पाठीवर घेऊन वर कनू उचलली की सॅकचे डोके कनूच्या तळाला किंवा आडव्या दांडीला आपटत राहते आणि मान पुढे काढून चालावे लागते. कनूच्या सॅक म्हणूनच बुटक्या आणि रुंद असतात. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या डलूथ गावात १८८२ साली पेटंट घेतलेली कापडी सॅक तर नुसते मोठे चौकोनी पाकीट आहे, आणि आजही ती जवळपास त्याच रूपात विकली जाते. दुसरे असे की आपल्या सॅकला बाहेरून पट्टे आणि जाळ्या खूप. होडी कलंडली तर ते पायात अडकू शकतात. ते आत खोचून टाकावेत.

तिसरी उणीव महत्त्वाची आहे. रेन कव्हर वरून पडणाऱ्या पावसासाठी असते, पण कनूत पाणी खालून येते. वल्ह्यावरून ठिबकणारे थेंब, चढता-उतरताना बुटांतून आलेले पाणी आणि वाऱ्याच्या दिवशी काठावरून उडालेल्या लाटा मिळून तळाशी बोटभर पाणी साचते आणि सॅक दिवसभर त्यात बसून असते. सह्याद्रीत आपण सॅकच्या आत जाड प्लास्टिकची पिशवी घालतो, तीच युक्ती येथे करावी. बांधकामाचा राडारोडा भरण्यासाठी मिळणारी जाड काळी पिशवी उत्तम. ती सॅकमध्ये आधी पसरावी, सामान तिच्यात भरावे, गुडघ्याने दाबून हवा काढावी, तोंड पिळून दुमडावे आणि रबराने बांधावे. स्लीपिंग बॅग आणि रात्रीचे कपडे याखेरीज स्वतंत्र ड्राय बॅगमध्ये, म्हणजे तोंड दुमडून बंद करायच्या जलरोधक पिशवीत, घालावेत.

ड्राय बॅगचे तोंड किमान तीनदा दुमडायचे असते. मी एकदा घाईत एकदाच दुमडून बकल लावले होते. काठाला लागताना होडी एका बाजूला झुकली, बॅग गुडघाभर पाण्यात पडली आणि मिनिटभरात उचलली. संध्याकाळी स्लीपिंग बॅगचा पायाकडचा भाग पिळून काढावा लागला. सप्टेंबरची रात्र होती. त्या रात्री मी अंगावर असेल नसेल ते सगळे घालून ताडपत्री गुंडाळून बसलो होतो.

पिंपाविषयी : निळ्या प्लास्टिकची ही पिंपे मुळात खाद्यपदार्थांच्या वाहतुकीची. झाकणाला रबरी कडे आणि त्यावर लोखंडी पट्टी असल्याने पाणी आत जात नाही, वास बराचसा आत कोंडला जातो आणि मुक्कामावर त्याचे बसायला स्टूल होते. शिध्यासाठी मला तेच पसंत आहे. पण खांद्याचे पट्टे आणि कमरेचा पट्टा असलेला चांगला साज घेतल्याशिवाय भरलेले पिंप उचलू नये. गोल पाठ आपल्या पाठीशी जुळत नाही आणि स्वस्त साजातले पट्टे पाच मिनिटांत खांदे कापू लागतात.

जुनी माणसे खांद्याच्या पट्ट्यांऐवजी डोक्यावरून जाणारा चामडी पट्टा वापरत. नेपाळी भारवाहकांचा नाम्लो ज्यांनी हिमालयात पाहिला असेल त्यांना ही रीत लगेच कळेल. पट्टा कपाळावर नव्हे, तर टाळूच्या किंचित पुढे बसवायचा असतो, म्हणजे भार मणक्यातून सरळ खाली उतरतो. सवय नसलेल्या मानेने मात्र हा प्रयोग आधी शंभर पावले करून पाहावा.

प्रश्न : खाण्याचे काय न्यावे? सासूबाईंनी कैरीच्या लोणच्याची बरणी दिली आहे आणि लहान कुकर नेण्याचा आग्रह आहे. डबाबंद चणे, राजमा चालतील का? आणि अस्वलांचे काय? (मिसिसागा)

उत्तर : बरणी काचेची असेल तर ती नेता येणार नाही. अल्गॉन्क्विनच्या अंतर्भागात खाण्यापिण्याच्या वस्तूंसाठी पत्र्याचे डबे आणि काचेच्या बाटल्या नेण्यास बंदी आहे. इंधन, औषधे आणि डास पळवणारी द्रव्ये यांच्या डब्यांना सूट आहे. मिनेसोटातील बाउंड्री वॉटर्स या कनूच्या प्रसिद्ध प्रदेशातही असाच नियम आहे. तेव्हा चणे आणि राजमा डब्यांतून नकोत आणि लोणचे झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या लहान डबीत काढून घ्यावे. सासूबाईंना बरणी घरी सुखरूप असल्याचे कळवावे.

कोरड्या शिध्याचा माझा अंदाज माणशी दिवसाला ६०० ते ७०० ग्रॅमचा आहे. चार माणसांच्या तीन रात्रींना नऊ-दहा किलो होतात. मराठी स्वयंपाकघर या कामासाठीच घडले असावे असे मला नेहमी वाटते, कारण टिकाऊ, हलके आणि पाणी घातले की जेवण होईल असे पदार्थ आपल्याकडे आधीपासून तयार आहेत. पोहे, मेतकूट, भाजणी, शेंगदाण्याची चटणी, साजूक तूप, गूळ, सातूचे पीठ यांपैकी कशालाच बर्फाच्या पेटीची गरज नाही.

यांत भाजणीला मी पहिले स्थान देतो. एक कांदा, तिखट आणि मीठ घालून पीठ मळायला पाच मिनिटे लागतात. पोळपाट नेण्याचे कारण नाही : वल्ह्याचे पाते धुऊन मांडीवर आडवे धरावे, त्यावर तेलाचा हात लावलेली प्लास्टिकची पिशवी पसरावी आणि थालीपीठ थापावे. पिशवीसकट उचलून ते तव्यात उलटे टाकता येते. मधले भोक विसरू नये, नाहीतर स्टोव्हच्या लहान ज्योतीवर मधला भाग कच्चा राहतो.

कुकर घरीच ठेवावा. तो जड आहे आणि त्याची येथे गरज नाही. हा प्रदेश काही हिमालयातल्या गिर्यारोहकांच्या तळासारखा उंच नाही, की डाळ शिजता शिजेना. मुगाची किंवा मसुराची डाळ सकाळी रुंद तोंडाच्या बाटलीत भिजत घालावी. दिवसभर ती आपल्याबरोबर वल्हवत येते आणि संध्याकाळी वीस मिनिटांत शिजते. तुरीच्या वरणावाचून चालत नसेल तर घरी घट्ट वरण शिजवून, पातळ पसरून, ओव्हनच्या सर्वांत कमी आंचेवर वाळवावे आणि त्याचा चुरा करून न्यावा. गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवले की वरण तयार होते. तुपाची फोडणी तेवढी ताजी द्यावी. कोरड्या हंगामात शेकोटीवर बंदी येऊ शकते, म्हणून लाकडावर भिस्त न ठेवता गॅसचा लहान स्टोव्ह बरोबर असावाच.

प्रत्येक जेवणाचा शिधा वेगळ्या पिशवीत बांधावा आणि तिच्यावर ‘शुक्रवार, रात्र’ असे लिहावे. पिंपात शेवटच्या दिवसाचे तळाशी आणि पहिल्या रात्रीचे वर. पावसात भिजत उभे राहून मिठाची पुडी शोधताना या शिस्तीची किंमत कळते.

आता अस्वलांविषयी. येथली काळी अस्वले माणसापेक्षा माणसाच्या शिध्यात जास्त रस घेतात. निळे पिंप वास कमी करते, पण ते अस्वलाला दाद देणार नाही असे समजू नये. रात्री ते तंबूपासून दूर, जमिनीपासून किमान चार मीटर उंच आणि बुंध्यापासून दोनेक मीटर लांब, फांदीला टांगावे. त्यासाठी पंधरा-वीस मीटरची दोरी लागते, आणि योग्य फांदी शोधणे व तिच्यावरून दोरी फेकणे हे काम उजेड असतानाच उरकावे. टूथपेस्ट, साबण, ओठांचे मलम, गोळ्या-चॉकलेट हे सर्व पिंपात. तंबूत काहीही नको. आपल्या हिंगाचा वास पिशवीतून हमखास बाहेर येतो, म्हणून त्याची डबी दुहेरी झाकणाची असावी. सुके बोंबील नेऊ का, असे एकाने गेल्या वर्षी विचारले होते. त्यांना मी कळवले की आपण न्याल खरे, पण ते आपल्यालाच खायला मिळतील याची हमी देता येत नाही.

प्रश्न : मी कृष्णेच्या पुरात पोहलेला माणूस आहे. मे महिन्यात मित्रांबरोबर जाणार आहे. लाइफ जॅकेट सामानात घेतले आहे, पण सतत अंगावर घालणे खरोखर आवश्यक आहे का? (टोरंटो, मूळ गाव सांगलीजवळ)

उत्तर : आपल्या पोहण्याविषयी मला शंका नाही. पण कृष्णेचे पुराचे पाणी आणि मे महिन्यातले अल्गॉन्क्विनचे पाणी ही दोन वेगळी द्रव्ये समजावीत. तळ्यांवरचे बर्फ एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या सुरुवातीस वितळते. आपण जाल तेव्हा त्या पाण्याला बर्फपण सोडून जेमतेम दोन-तीन आठवडे झालेले असतील.

अशा पाण्यात पडल्यावर काय होते, ते मॅनिटोबा विद्यापीठातील गॉर्डन गीसब्रेख्त या संशोधकामुळे प्रसिद्ध झालेल्या ‘एक, दहा, एक’ या सूत्रात सांगितले जाते. पहिले एक मिनिट श्वास ताब्यात येत नाही. गारठ्याने आपोआप धाप लागते आणि त्याच क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पहिल्याच श्वासाला पाणी आत जाते. पुढची सुमारे दहा मिनिटे हातपाय उपयोगाचे राहतात; त्यानंतर बोटे वळत नाहीत, होडीची कड धरता येत नाही आणि पट्टीचा पोहणाराही पोहू शकत नाही. शरीराचे तापमान उतरून शुद्ध हरपायला सुमारे एक तास लागतो. म्हणजे मनुष्य गारठ्याने मरण्याच्या बराच आधी, तरंगण्याची ताकद गेल्यामुळे बुडतो. त्या दहा मिनिटांनंतर आपल्याला तरंगत ठेवणारी वस्तू अंगावरचे जॅकेट हीच आहे. सॅकखाली खोचलेले जॅकेट थंड बोटांनी पाण्यात घालता येत नाही. पोहण्याच्या तलावात एकदा करून पाहावे.

कनू लेक या अल्गॉन्क्विनमधल्या तळ्यात जुलै १९१७ मध्ये टॉम थॉमसन हा चित्रकार मरण पावला. त्याच्या मृत्यूच्या कारणावर आजही वाद घातले जातात, पण तो त्या पाण्यांवर वर्षानुवर्षे कनू चालवणारा जाणकार होता, याविषयी वाद नाही.

कायद्याच्या दृष्टीने कॅनडात सहा मीटरपर्यंतच्या कनूत प्रत्येक माणसाला त्याच्या मापाचे लाइफ जॅकेट, किमान १५ मीटर लांबीची तरंगणारी दोरी, पाणी उपसण्याचे भांडे किंवा हातपंप आणि शिट्टीसारखे आवाजाचे साधन असावे लागते. अंधार पडल्यावर बत्तीही लागते. बहुतेक भाड्याच्या दुकानांत दोरी, भांडे आणि शिट्टी एका लहान डबीत भरून मिळते. ती डबी होडीत बांधून ठेवावी आणि शिट्टी मात्र जॅकेटला अडकवावी. डबीतली शिट्टी वाजत नाही.

कपड्यांविषयी आपण विचारले नाही, तरी मे महिन्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. सुती कपडे नकोत; ते ओले झाले की वाळत नाहीत आणि अंगातली ऊब ओढून घेतात. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे दोनच जोड न्यावेत. एक जोड दिवसाचा, जो ओला होणारच; दुसरा रात्रीचा, ज्याला सोवळ्यासारखे जपायचे. सोवळ्याचा जोड होडीत आणि पोर्टेजवर कधीही बाहेर काढायचा नाही आणि सकाळी निघताना, कितीही जिवावर आले तरी, कालचे ओले कपडेच पुन्हा अंगावर चढवायचे. पहिली दोन मिनिटे ब्रह्मांड आठवते. पण रात्री कोरडे काहीतरी उरले पाहिजे, यासाठी दुसरा उपाय नाही.

प्रश्न : आईवडील पुण्याहून जूनमध्ये येत आहेत. वय ६६ आणि ७०, आईचे गुडघे दुखतात. त्यांना एक रात्र तरी तळ्याकाठी न्यावे अशी इच्छा आहे. सामानात वेगळे काय घ्यावे? (ओकव्हिल)

उत्तर : शक्य असेल तर सामानाआधी तारीख बदलावी. मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत चावऱ्या काळ्या माश्यांचा हंगाम असतो आणि जूनमध्ये त्यांच्या जोडीला डासही येतात. ही माशी केसांच्या कडेला आणि कानांमागे चावते, चावताना कळत नाही आणि नंतर रक्ताचा ओघळ दिसतो. ऑगस्टची अखेर किंवा सप्टेंबरचा पहिला पंधरवडा आईवडिलांना मानवेल. जूनखेरीज गत्यंतर नसेल तर फिक्या रंगाचे, लांब बाह्यांचे सैल कपडे, पायमोज्यांत खोचलेली विजार आणि प्रत्येकाला टोपीवरून घालायची जाळी हवीच. डीट हे कीटक पळवणारे द्रव्य असलेले औषध वापरणार असाल तर ते चष्म्याच्या फ्रेमला, घड्याळाच्या काचेला आणि कृत्रिम कापडाला लागू देऊ नये. प्लास्टिक त्याने विरघळते. आयकॅरिडिन या दुसऱ्या द्रव्याच्या औषधाने तसे होत नाही.

मार्ग निवडताना पोर्टेज नसलेलाच घ्यावा. ओपिओंगो हे अल्गॉन्क्विनमधील सर्वांत मोठे तळे आहे आणि तेथे सामान व माणसे मुक्कामाच्या जागेपर्यंत पोहोचवणारी मोटरबोट भाड्याने मिळते. पोर्टेज नसले की नगांचा नियमही सैल होतो. तेथे खुशाल चार खुर्च्या, जाड गाद्या आणि वडिलांना लागणारी वर्तमानपत्राची चळतही न्यावी.

औषधे दोन संचांत विभागून दोन वेगवेगळ्या सॅकमध्ये ठेवावीत, म्हणजे एक भिजली किंवा हरवली तरी अडणार नाही. शौचालयाची कल्पना आधीच द्यावी : प्रत्येक मुक्कामाच्या जागेमागे थोडे आत एक लाकडी खोका असतो, झाकण उचलून बसायचे, भोवती भिंती नाहीत. गुडघ्यांच्या दृष्टीने ही सोय चांगली आहे. वाटेवर रात्री मुळे पायात येतात, म्हणून प्रत्येकी डोक्याला बांधायची बत्ती असावी. एका बत्तीत दोघांचे भागत नाही.

प्रश्न : कनूत सामान कोठे ठेवावे? आमची होडी सतत वाऱ्याबरोबर वळत होती. (ऑटवा)

उत्तर : जड नग तळाशी आणि मध्यावर, पिंप आडवे न ठेवता उभे वा पाठीवर कलते, आणि होडीच्या काठाच्या वर शक्यतो काही नको; वर आलेला प्रत्येक नग शिडाचे काम करतो. शांत पाण्यात होडी समतल किंवा किंचित मागे भारी असावी. समोरून वारा असेल तर लहान सॅक पुढे सरकवून पुढचे टोक थोडे जड करावे, मागून वारा असेल तर मागे सरकवावी. आपली होडी वळत होती ती बहुधा पुढचे टोक पाण्याच्या वर तरंगत असल्यामुळे, आणि तसे मागे जड माणूस व त्याच्यासमोरच जड सॅक असली की होते. मोठी तळी सकाळी लवकर ओलांडावीत, दुपारी वारा वाढतो.

सॅक होडीला घट्ट बांधाव्यात की मोकळ्या ठेवाव्यात, यावर जाणकारांत मतभेद आहेत. शांत पाण्यात मी सर्व सॅक एका लांब दोरीत ओवून तिचे एक टोक होडीला बांधतो. होडी उलटली तर सामान होडीखाली अडकून बसत नाही आणि वाहूनही जात नाही.

प्रश्न : असे काही महाराष्ट्रात करता येईल का? भंडारदरा किंवा कोयनेच्या पाण्यात? (नाशिक)

उत्तर : पाणी आहे, पण पोर्टेज नाहीत. कॅनडाचा तो कातळी प्रदेश हिमनद्यांनी खरवडून काढला आणि त्या मागे हटल्यावर खळग्याखळग्यांत हजारो तळी राहिली. दोन तळ्यांमध्ये थोडीशी जमीन आणि पुन्हा तळे, अशी ती साखळी आहे. आपल्याकडे, लोणारसारखा अपवाद वगळता, मोठी जलाशये धरणांमागची आहेत. भंडारदऱ्याचा आर्थर तलाव म्हणजे प्रवरेवरच्या विल्सन धरणाचे पाणी, कोयनेचा शिवसागरही तसाच. त्यामुळे एका तळ्यातून दुसऱ्यात जाण्याचा प्रकार नाही. एकाच पाण्यावर काठाकाठाने जाऊन मुक्काम करणे एवढेच शक्य आहे, तेही परवानगीने. शिवसागराच्या काठाचा मोठा भाग कोयना अभयारण्यात येतो, तेथे वनखात्याला विचारल्याशिवाय रात्र काढता येत नाही. इतर धरणांच्या पाण्यात होडी घालण्यापूर्वी जलसंपदा विभागाकडे चौकशी करावी.

सामानात दोन फरक होतील. आपल्या हवेत जाड स्लीपिंग बॅगेऐवजी चादर आणि चांगली मॅट पुरते. आणि धरणाचे पाणी नोव्हेंबरपासून उतरू लागते, त्यामुळे उन्हाळ्यात हिरव्या काठाच्या जागी उघड्या चिखलाचा रुंद उतार असतो आणि होडी पाण्यापर्यंत नेताना पाय घोट्याच्या वर रुततात. चपला त्या चिखलात राहतात. घोट्याला बंद होणारे जुने कॅनव्हासचे बूट न्यावेत, आणि नग मोजताना तेही मोजावेत.